भाडं तर खात्यात येतं

५ जानेवारी, रविवार

ठमी आज सहा वर्षांची झाली. मी नेलेली बाहुली तिने उघडली, तिच्या केसांवरून हात फिरवला, "छान आहे" म्हणाली आणि सोफ्यावर ठेवून दिली. विहीणबाईंनी काहीच आणलं नव्हतं. त्या हात हलवत आल्या, तर ही धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारते आणि विचारते, "आजी, तुझ्या घरातला नळ दुरुस्त झाला का गं?"

नळ! नातीशी गप्पा मारायला बाईंना नळ पुरतो.

दोन वर्षांपूर्वी विहीणबाईंनी माझ्या लेकीच्याच आवारात, समोरच्या इमारतीत एक छोटा फ्लॅट घेतला. राहायला नाही, गुंतवणूक म्हणून. त्यात भाडेकरू ठेवलाय. तेव्हापासून त्यांची ये-जा सुरू आहे. आज नळ गळतो, उद्या कडी निखळते, परवा भाडेकरूची सायकलवरून शेजाऱ्याशी कुरबूर होते. इथवर आलेच आहे तर डोकावते, असं म्हणतात आणि डोकावून दुपारभर बसतात. एकदा तर म्हणाल्या, भाडं घ्यायला आले होते. भाडं तर खात्यात येतं. मग बाई, तुम्ही येता कशाला?

मला मात्र जायला आमंत्रण लागतं. आधी फोन करायचा. लेक म्हणणार, "आई, या शनिवारी जरा गडबड आहे गं, पुढच्या शनिवारी ये." मग दोन बस बदलून पाहुणीसारखं जायचं आणि पाहुणीसारखं निघायचं. ठमीला दोन आज्या, म्हणून तिने आमची नावं पाडली आहेत. त्या 'घरवाली आजी' आणि मी 'बसवाली आजी'. आज सगळ्यांसमोर म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. अंगाचा तिळपापड झाला होता, तो कोणाला दिसू दिला नाही.

येताना बसमध्येच ठरवलं. माझेही पैसे बँकेत नुसते लोळत पडलेत. गुंतवणूक काय त्यांनाच येते?

९ जानेवारी, गुरुवार

मोबाईलवर एक गृहस्थ घरांच्या गुंतवणुकीवर बोलतात. गुळगुळीत दाढी केलेले, मागे पुस्तकांचं कपाट. चार दिवसांत त्यांचे सगळे भाग बघून काढले. मुद्दा अगदी सोपा आहे. वर्षाचं भाडं घ्यायचं आणि घराच्या किमतीशी ताडून बघायचं. शंभराला सात-आठ सुटले तर उत्तम, पाचाच्या खाली गेलं तर पाठ फिरवायची. त्या भाड्यातूनही रिकामे महिने, दुरुस्ती, कर वजा करायचे. आणि घराच्या प्रेमात पडायचं नाही, हे त्यांनी परत परत बजावलं.

ते मला नका सांगू. बुटांच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी हयात गेली. समोर आलेल्या जोडाच्या प्रेमात मी कधी पडले नाही. शिवण केसभर सरकली तरी जोड बाजूला. कामगार पाठीमागे मला 'नापासबाई' म्हणायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घराचंही तेच. उलटंपालटं करून बघायचं, खोट सापडली की नापास.

हे गेल्यावर मिळालेले आणि माझ्या निवृत्तीचे मिळून पंचवीस लाख आहेत. थोडं कर्ज काढलं की झालं. त्या गृहस्थांच्या मते कर्ज काढणं वाईट नसतंच. दुसऱ्याच्या पैशाने घर घ्यायचं आणि भाडेकरूच्या पैशाने ते फेडायचं. ऐकायला फारच छान वाटतं.

१८ जानेवारी, शनिवार

दलाल मिळाला. कपड्यांना एवढी कडक इस्त्री असते की मी मनातल्या मनात त्याला टापटीप म्हणायला लागले. आज त्याने पहिल्यांदा एक दुकानाचा गाळा दाखवला. चोवीस लाख. चष्म्यांचं दुकान आहे आत, जुना भाडेकरू, महिन्याला सोळा हजार देतो आणि पुढची पाच वर्षं हलणार नाही. मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. शंभराला आठ! कर्जाचीही गरज नाही.

गाळा मी नापास केला. हवा खेळत नाही, असं सांगितलं. टापटीप जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, हवा चष्मेवाल्याला लागेल, त्याची तक्रार नाही." पण मला तो रस्ताच पसंत नव्हता. लेकीचं घर तिथून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

मग त्याने आणखी तीन घरं दाखवली. एक अंधारं, एक खर्चिक, आणि तिसऱ्यात काही खोट नव्हती म्हणून मला संशय आला. शेवटी मी सरळ सांगून टाकलं की मला अमुक आवारात किंवा त्याला लागून हवंय. तिथली शाळा दिसली तर उत्तमच. तो म्हणाला, "राहायला घेताय की भाड्याने द्यायला?" मी म्हटलं, भाड्याने द्यायला. "मग शाळा दिसून काय करायचंय?" मी म्हटलं, भाडेकरूला मुलं असतील ना. माणसाने एवढा पुढचा विचार करायला नको का?

२ फेब्रुवारी, रविवार

आज लेकीने बोलावलं होतं. आवारात शिरताना समोरच्या इमारतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. विहीणबाईंच्या भाडेकरूने गॅलरीत चादरी वाळत घातल्या होत्या.

घरात भिंतींवरच्या तसबिरी उतरवलेल्या दिसल्या. लेक म्हणाली, रंग द्यायचाय. ठमीला नवा कोट आणलाय, जाडजूड, गुडघ्याच्या खाली पोचणारा, शिवाय दोन वर्षं पुरेल एवढा मोठा. इथे एवढी थंडी पडते कधी? ही विहीणबाईंचीच निवड असणार. त्यांना मापाची अक्कल नाही. ठमी कुठल्याशा परक्या भाषेत एक ते वीस आकडे म्हणून दाखवते, मोठी गोड म्हणते. हल्लीच्या शाळा लहान पोरांवर काय काय लादतील काही सांगता येत नाही.

मी गुंतवणुकीचं सांगितलं. मला वाटलं, लेक चकित होईल. तिने हातातला कप खाली ठेवला आणि जावयाकडे बघितलं. जावईबापूंनी घसा साफ केला. म्हणाले, "आई, विचार चांगला आहे. पण या भागात किमती फार चढल्यात. भाडं त्या मानाने नाही." मी विचारलं, मग तुमच्या आईंना कसं परवडलं? लेक कप उचलून आत गेली. त्यांचं परवडतं, माझ्या वेळी बाजार चढतो.

निघताना लेकीने दारात मला घट्ट धरलं. बराच वेळ सोडेना. "आई, घाई करू नकोस ना. थोडे महिने थांब." म्हणजे तिकडून फूस आहे. आवारात दुसरी आजी आलेली सासूबाईंना चालणार नाही, हे तिलाही माहीत आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं!

त्याच आवारात, मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. दीड खोलीचंच म्हणा, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून लेकीचं स्वयंपाकघर थेट दिसतं. आज ती ओट्याशी उभी राहून काहीतरी चिरत होती. ठमी पाठीमागे खुर्चीवर चढली होती, पडेल की काय असं वाटलं. विहीणबाईंच्या घरातून फक्त लेकीच्या इमारतीचा जिना दिसतो, मी मुद्दाम तिथल्या व्हरांड्यात जाऊन बघून आले.

मी त्या खिडकीशी इतका वेळ उभी होते की टापटीप जाऊन पाणी पिऊन आला. किंमत बेचाळीस लाख. चौदा हजार भाडं येईल. शंभराला चार. तेही काही वजा न करता, आणि बँकेत पैसे नुसते ठेवले तरी याहून जास्त मिळतात. पण त्या गृहस्थांनी असंही सांगितलंय की भाडं म्हणजेच सगळं नाही, किमतीही वाढतात. वाढतीलच. भिंतीला ओल आहे, मोरीच्या दाराची फळी फुगली आहे. पण ओल कुठे नसते?

शिवाय मोरीचं दार फुगलेलं असलं की सुतार बोलवावा लागेल, आणि सुतार आला की मालकिणीला हजर राहावंच लागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पन्नास हजार टोकन दिलं. मालक निवृत्त दंतवैद्य आहे. पैसे मोजताना एकदाही वर बघितलं नाही. उरलेल्या रकमेला मार्चअखेरपर्यंत मुदत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बँक. कर्ज विभागातली मुलगी माझ्या लेकीहून लहान असेल. आजी म्हणाली मला. म्हणे माझ्या वयाला नऊच वर्षांची मुदत मिळते, म्हणून हप्ता मोठा बसतो, आणि एवढा हप्ता माझ्या पेन्शनला झेपत नाही. भाडं येणार आहे ना, म्हटलं. ती म्हणाली, येईल तेव्हा येईल, बँक आजचं बघते. एखादा कमावता सहकर्जदार आणा, मुलगा, मुलगी कोणीही, लगेच होऊन जाईल.

यात काय अवघड आहे? माझी एकुलती एक लेक चांगलं कमावते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला तिच्या ऑफिसखाली गाठलं. बाकावर बसून तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मला सही नाही करता येणार. माझं नाव आधीच एका कर्जावर आहे."

"कुठल्या?"

"सासूबाईंच्या घराच्या. आम्हा दोघांचंही आहे."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी तिला विचारलं असावं की मला का नाही सांगितलंस, आणि तिने काहीतरी उत्तर दिलं असावं. मला एवढंच दिसत होतं की माझ्या मुलीची सही, जी मी तिला पाटीवर हात धरून गिरवायला शिकवली, ती त्या बाईच्या कर्जावर आहे. तिचं घर, तिचा मुलगा, तिची नात, आणि आता माझ्या मुलीची सहीसुद्धा तिचीच.

लेक रडत होती. मी निघून आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन उचलला नाही. तीनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बरं वाटलं.

१ मार्च, शनिवार

बँक गेली उडत. टापटीपच्या ओळखीची एक पतसंस्था आहे. तिथे वय विचारत नाहीत, सहकर्जदार विचारत नाहीत. राहतं घर तारण ठेवलं की सतरा लाख देतात. व्याज शंभराला तेरा. व्यवस्थापक फार अदबीने बोलला. हप्ता जवळजवळ सत्तावीस हजार बसतो. चौदा भाड्यातून, उरलेले पेन्शनमधून. पेन्शनमधलं मग फारसं काही उरत नाही. पण एकट्या बाईला लागतं काय? वर्तमानपत्र बंद करता येईल. गुडघ्याचे डॉक्टर मला तसेही आवडत नाहीत.

हे घर आम्ही दोघांनी उभं केलं. खिडक्यांच्या चौकटी ह्यांनी स्वतः रंगवल्या होत्या. तारण म्हणजे काही विक्री नव्हे. कागदच तर ठेवायचेत त्यांच्याकडे.

चौदा तारखेला सह्या. तोपर्यंत घराचं मूल्यांकन होईल. आज माझ्याच घरात एक मुलगा टेप घेऊन आला होता. भिंती मोजता मोजता म्हणाला, छान ठेवलंय घर. मला उगाचच रडू आलं.

९ मार्च, रविवार

लेक काल अचानक आली. न बोलावता, न कळवता, राहायच्या तयारीने. किती वर्षांनी! मी फुलून गेले, पण दाखवलं नाही. तिने माझं कपाट आवरलं, तिचे लहानपणचे फोटो काढून मोबाईलने त्यांचे फोटो घेतले, माझा जुना स्वेटर अंगात घालून बसली. दोनदा म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय." दोन्ही वेळा मी विषय बदलला. मला ठाऊक होतं काय सांगायचंय ते. घर घेऊ नकोस, सासूबाईंना आवडणार नाही.

उलट मीच तिला खिडकीचं सांगितलं. म्हटलं, "तू कोथिंबीर चिरताना मी इकडून हात करीन. तुला काही लागलं तर नुसतं खिडकीत उभी राहा." पतसंस्था, तारण, चौदा तारीख, सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता उठून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पोट बिघडलं असेल. तिकडे वेळेवर कोण वाढतं तिला?

आज सकाळी गेली.

१३ मार्च, गुरुवार

आज दुपारी बेल वाजली. दारात विहीणबाई. एकट्या. लेकीच्या लग्नानंतर या घरात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत आल्या होत्या. चेहरा उतरलेला. बघा, माझ्याकडे यायला यांना फोन करावा लागत नाही.

पाणी दिलं. चहा नको म्हणाल्या. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी विचारलं, सह्या कधी आहेत. मी म्हटलं, उद्या.

"करू नका."

"का? त्या आवारात एकाच आजीचं घर असावं, असं आहे का काही?"

माझा आवाज चढला होता. त्यांचा नाही चढला. म्हणाल्या, "विहीणबाई, मुलं चाललीत. जूनमध्ये. त्याला परदेशात नोकरी लागली आहे. तिघंही चाललीत. कायमचीच म्हणा ना."

मी काय केलं ते खरं खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे. मला दुःख झालं नाही. निदान आधी नाही. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"डिसेंबरात."

डिसेंबर म्हणजे वाढदिवसाच्या आधी. म्हणजे त्या दिवशी माझी बाहुली उघडली जात होती तेव्हा बाईंना माहीत होतं. कोट, भिंती, ते परके आकडे, सगळ्याचा अर्थ यांना माहीत होता आणि मी तिथे बसून मापाच्या चुका काढत होते. माझीच मुलगी माझ्यापासून तुटून जाणार, आणि ती बातमीसुद्धा आधी हिला! मी तसंच म्हटलं. शब्दांनाही धार होती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कोणी हौसेने सांगितलं नाही हो. माझ्या कर्जावर दोघांची नावं. इथली नोकरी सोडायची तर बँकेला कळवावं लागतं, म्हणून मला सांगावं लागलं. नाहीतर मलाही तुमच्याबरोबरच कळलं असतं, विमानाची तिकिटं काढून झाल्यावर. वाढदिवसाला रिकाम्या हाताने आले, कारण तिकडे नेता येईल असं काय द्यायचं तेच सुचेना. आईला मी स्वतः सांगेन, अशी सुनेने मला शपथ घातली होती. परवा ती तुमच्याकडून परत आली आणि म्हणाली, नाही सांगता आलं, आईने घर गहाण टाकायला काढलंय. म्हणून मी शपथ मोडली."

त्या भिंतीकडे बघत होत्या.

"माझ्या घरात शंभराला चारसुद्धा सुटत नाहीत. पहिल्या दिवसापासून तोटाच आहे. मुलगा तेव्हाही म्हणाला होता, आई, यात काही अर्थ नाही. पण त्याच्या घरी जायला मला दर वेळी कारण शोधावं लागायचं. आयतं मिळालं." मग जरा हसल्या. "मी तुमच्यापेक्षा दोन वर्षं आधी वेडी झाले, एवढाच फरक."

त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. का गेले, सांगता येत नाही. त्यांच्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलीय. असं चालण्याने गुडघे दुखतात. सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पतसंस्थेत गेले, सही केली नाही. व्यवस्थापकाची अदब तिथल्या तिथे संपली. घराचे कागद पिशवीत घालून घेऊन आले आणि कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. मग जमिनीवर बसून रडले. आता दुःख आलं होतं.

१६ मार्च, रविवार

टोकनसाठी दंतवैद्याकडे. एकटी जाणार होते, तर विहीणबाई आधीच आवाराच्या फाटकापाशी उभ्या. भाडेकरूकडे काम होतं म्हणे.

दंतवैद्य म्हणाला, व्यवहार तुम्ही मोडलात, टोकन बुडालं. नियम तसाच आहे, मलाही ठाऊक होतं. मी उठायला लागले. विहीणबाई उठल्या नाहीत. फाटकापासून येताना मीच सांगितलेल्या मोरीच्या फुगलेल्या दारापासून त्यांनी सुरुवात केली. भिंतीतली ओल तुम्ही आधी सांगितली होतीत का, वरच्या मजल्याशी तुमची पाण्यावरून जी भांडणं आहेत ती सांगितली होतीत का, दुसरं गिऱ्हाईक येईल त्याला आवारातली कोण कोण माणसं काय काय सांगतील, हे सगळं त्यांनी इतक्या गोड आवाजात विचारलं की दंतवैद्याने पहिल्यांदाच वर बघितलं. पंचवीस हजार परत मिळाले. टापटीप कोपऱ्यात बसून बुटांकडे बघत होता.

भांडतात छान. त्याचाही मला हेवा वाटला. घरातल्या ज्या खोटी मी बघितल्या होत्या त्या मी पास केल्या, आणि यांनी कधी आत पाऊल न टाकता त्यांचे पैसे वसूल केले.

२२ मार्च, शनिवार

लेक आली. या वेळी मी विषय बदलला नाही. पुष्कळ बोललो. मी विचारलं, "सासूला सांगता आलं, मला का नाही?" तिने बँकेचंच कारण सांगितलं. मग म्हणाली, "आणि तुला सांगायला लागले की तू घराचं बोलायचीस. इतकी खूश असायचीस, आई. बाबा गेल्यापासून तुला एवढं खूश मी पाहिलंच नव्हतं."

मी काय खूश होते? मी पेटलेली होते. पण तिला लांबून ते खूश वाटलं असेल, तर असेलही तसं.

तिला म्हटलं, जा. चांगली नोकरी आहे, पोरीचं भलं होईल. सगळं शोभेल असंच बोलले. मनातून म्हणत होते की तिकडे निदान समोरच्या इमारतीत कोणाचं घर नसेल.

२१ जून, शनिवार

गेली.

विमानतळावर ठमीने आधी तिकडच्या आजीला मिठी मारली, मग मला. ती त्यांच्या बाजूला उभी होती म्हणून असेल. लक्षात राहिलं एवढं खरं. काचेपलीकडून हात केला तो नेमका कोणाला, ते मात्र कळलं नाही. आम्ही दोघींनीही हात हलवला.

परत येताना एकच टॅक्सी केली. आवारापाशी आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "मला इथेच सोडा, भाडेकरूकडे जरा काम आहे." काम काही नसणार. मी म्हटलं, बरं. वळणावरून मागे बघितलं तर त्या फाटकाच्या आत उभ्या होत्या. लेकीच्या रिकाम्या घराकडे तोंड करून.

२९ जून, रविवार

पोचल्याचा निरोप आला होता, त्यानंतर आठवडाभर काही नाही. घर लावतायत, फोनची जोडणी व्हायचीय. मी मोबाईल हातातून खाली ठेवला नव्हता.

आज सकाळी वाजला. पडद्यावर आधी कपाळच दिसलं, मग सगळी ठमी. पुढचा एक दात पडलाय. तो विमानात पडला आणि सापडलाच नाही. तिकडे आता हिवाळा आहे, खिडकीतून झाडं दिसतात, त्यांना अजिबात पानं नाहीत. शाळेत तिला कोणाचं काही कळत नाही, पण एक मुलगी रोज तिच्याशेजारी बसते. तिची खोली निळी आहे. सगळं एका दमात सांगून टाकलं. मग लेक आली. डोळे सुजलेले, पण हसत होती. म्हणाली, "आधी तुलाच लावला, आई. ठमीच म्हणाली, आधी बसवाल्या आजीला. सासूबाईंना आता लावते."

आधी मला. सहा वर्षं मी याचीच वाट बघत होते. फोन ठेवला आणि खोलीत एकटीच फेऱ्या घालायला लागले. सांगायला कोणी नव्हतं. एकच माणूस होतं ज्याला सांगून त्याचा जीव जळाला असता, आणि त्याचाच फोन आला.

विहीणबाईंचा आवाज बारीक होता. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग हवेविषयी काहीतरी बोलल्या. मग विचारलं, "तुम्हाला आला का हो त्यांचा फोन?"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं, पडलेल्या दातासकट.

"नाही हो," मी म्हटलं. "अजून नाही. तुम्हाला आला की मला कळवा."

थोड्या वेळाने परत त्यांचाच फोन. आवाज ओळखू येईना एवढा मोठा. आला म्हणाल्या, आत्ताच आला! आणि मग सांगत सुटल्या. दात पडलाय, विमानात पडला आणि सापडलाच नाही. झाडांना पानं नाहीत. खोली निळी आहे. एक मुलगी रोज शेजारी बसते. मी मध्ये मध्ये विचारत होते, हो का, मग काय झालं, कुठला दात, वरचा की खालचा. त्यांनी सगळं सावकाश, नीट लावून सांगितलं. मीही पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं.

शेवटी त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाल्या, "तुम्हालाही येईल हो. वाईट वाटून घेऊ नका. जरा वाट बघा."

मी म्हटलं, बघते.